झाकण मिटण्यापूर्वी

जयपूरच्या वायव्येस, सीकरच्या रस्त्यालगत, विद्याधर नगर आणि विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र यांच्या शेजाराने मुरलीपुरा नावाची जी मध्यमवर्गीय वस्ती पसरली आहे, तिच्यात नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने येऊन स्थायिक झालेली आमच्यासारखी काही मराठी बिऱ्हाडेही आहेत. आणि या बिऱ्हाडांत काय किंवा त्यांच्या राजस्थानी शेजाऱ्यांच्या घरांत काय, लॅपटॉप हे आता नित्य वापराचे यंत्र होऊन बसले आहे. कोणाची मुलगी सी.ए.च्या परीक्षेची तयारी करते, कोणी कारखान्याच्या मालाची चलाने आणि जीएसटीची विवरणपत्रे घरी बसून भरतो, कोणी पुण्याच्या किंवा गुरुग्रामच्या कचेरीचे काम इथल्या गच्चीवरच्या खोलीतून करतो. आणि या सर्वांनाच दिवसातून अनेकदा काम अर्धवट टाकून उठावे लागते. अशा प्रत्येक वेळी यंत्र पूर्णपणे बंद करावे, झाकण मिटून तसेच ठेवावे, की हायबरनेट नावाची जी तिसरी तजवीज संगणकात असते तिचा आश्रय घ्यावा, असा प्रश्न उभा राहतो. प्रश्न क्षुल्लक भासतो खरा. परंतु चाळीस-पन्नास हजार रुपये खर्चून घेतलेल्या वस्तूचे आयुष्य आणि तिच्यातील अपुऱ्या कामाची सुरक्षितता ही दोन्ही त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत, आणि त्याची प्रचलित उत्तरे बहुतांशी अशा यंत्रांच्या अनुभवावर बेतलेली आहेत, की जी आज कोणाच्याच घरात नाहीत.

वारंवार चालू-बंद केल्याने यंत्र झिजते, ही समजूत मुळात निराधार नव्हती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उभारलेल्या आणि १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे अठरा हजार निर्वात नलिका होत्या; त्या निकामी होण्याचे प्रसंग मुख्यतः यंत्र तापताना आणि थंड होताना येतात, हे अभियंत्यांच्या ध्यानात आल्यावर ते यंत्र शक्यतो बंदच करावयाचे नाही, असा शिरस्ता पडला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला, १९६० साली कार्यान्वित झालेला आणि पुढे टिफ्रॅक या नावाने ओळखला गेलेला संगणकही याच पिढीतला. त्यात सुमारे २,७०० नलिका होत्या. नलिकांच्या त्या जमान्यात चालू करण्याचा क्षण हाच यंत्राच्या जिवावरचा क्षण असे, आणि ती भीती, नलिका केव्हाच अस्तंगत झाल्या तरी, वडिलांकडून मुलांकडे आल्यासारखी अद्याप टिकून राहिली आहे.

तथापि टिफ्रॅकमध्ये आणखी एक गोष्ट अशी होती, की जिचा आपल्या प्रश्नाशी याहूनही निकटचा संबंध पोहोचतो. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेले प्रत्येक कडे एका दिशेने चुंबकित झाले म्हणजे एक आणि उलट दिशेने झाले म्हणजे शून्य, अशी तिची रचना असे. ४० अंकी असे २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम दहा हजार बाइट, एवढाच तिचा आवाका होता; परंतु वीज गेली तरी कड्यांचे चुंबकत्व जात नसल्यामुळे त्या स्मृतीतला मजकूर जिथल्या तिथे राही. पुढे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी केवळ एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म विद्युत्धारित्र यांच्या जोडीत एकेक अंक साठविण्याची युक्ती काढली, तिचे पेटंट १९६८ साली त्यांना मिळाले, आणि १९७० साली इंटेलने अशीच विद्युत्भाराच्या रूपाने अंक साठविणारी चिप बाजारात आणताच चुंबकीय कड्यांचे दिवस भरले. नवी स्मृती स्वस्त, चपळ आणि आटोपशीर होती. मात्र तिच्यातील विद्युत्भार सतत गळत असतो, आणि म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदातून पंधरा-सोळा वेळा, ती सबंध स्मृती वाचून पुन्हा भारित करावी लागते. वीज तोडली की ती सर्व विसरते. आपल्या लॅपटॉपमधील आठ किंवा सोळा जीबीची रॅम ही हीच विस्मरणशील स्मृती होय. बंद करावे की ठेवावे, हा सारा पेच तिच्या या स्वभावातून उद्भवला आहे.

या पेचावर जे उपाय निघाले, त्यांना सर्वमान्य स्वरूप इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय नावाच्या संहितेने दिले. तीत यंत्राच्या विश्रांतीच्या अवस्था क्रमवार ठरवून दिल्या असून सामान्य वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्यांतील तीनच महत्त्वाच्या आहेत. स्लीपमध्ये प्रोसेसर, पडदा, पंखा हे सर्व थांबतात आणि रॅमला तेवढा विजेचा बारीक रतीब चालू राहतो. हायबरनेटमध्ये रॅममधील मजकुराची नक्कल डिस्कवरील एका राखीव फाइलमध्ये उतरवून घेतली जाते आणि मग वीज संपूर्ण तोडली जाते. शट डाउनमध्ये उघडे कार्यक्रम मिटवून, काही न जपता वीज तोडली जाते. जुन्या कचेरीतील कारकून दुपारच्या सुट्टीला उठताना कागद मेजावर तसेच पसरून, दिवा जळता ठेवून जाई ती स्लीपची रीत, आणि संध्याकाळी तेच कागद त्याच क्रमाने रुमालात बांधून दफ्तरखान्यात ठेवी ती हायबरनेटची रीत. दुसऱ्या दिवशी रुमाल सोडला की काम जिथे थांबले होते तिथूनच सुरू. स्लीपमधून यंत्र दोन-तीन सेकंदांत जागे होते, हायबरनेटमधून, आत एसएसडी असल्यास, दहा-वीस सेकंदांत. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला मात्र मिनिटभर लागू शकते, आणि हायबरनेटविषयी लोकांत जी नाराजी आहे ती बहुतांशी त्या काळातली आहे.

विजेच्या खर्चाचा मुद्दा फार ताणण्यासारखा नाही. स्लीपमधील लॅपटॉप साधारण अर्धा ते एक-दोन वॅट वीज घेतो. एक वॅट धरला आणि वर्षभर अखंड तसाच ठेवला, तरी नऊ युनिटांच्या आतच हिशेब आटोपतो.

झिजेचा मुद्दा मात्र सविस्तर पाहिला पाहिजे, कारण मुरलीपुऱ्यातील दुरुस्तीच्या दुकानांतूनदेखील अद्याप तोच सल्ला ऐकू येतो, की हायबरनेट करू नका, डिस्क लवकर जाते. एसएसडीवर मजकूर लिहिण्याला मर्यादा आहे, हे सत्य आहे. २५० जीबीच्या सर्वसाधारण चांगल्या एसएसडीवर सुमारे १५० टेराबाइट मजकूर लिहिला जाईपर्यंत कंपनी तिची हमी घेते. आता आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज ही राखीव फाइल रॅमच्या सुमारे ४० टक्के, म्हणजे सव्वातीन जीबीच्या आसपास ठेवते, कारण उतरविला जाणारा मजकूर दाबून लहान केला जातो. ही फाइल प्रत्येक वेळी पुरती भरली असे धरून दिवसातून तीनदा हायबरनेट केले, तर दिवसाला दहा जीबी आणि वर्षाला साडेतीन टेराबाइटांच्या आसपास मजकूर लिहिला जाईल, आणि १५० टेराबाइटांचा पल्ला गाठण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागेल. तोपर्यंत त्या लॅपटॉपचा एकही भाग कामाचा राहिलेला नसेल. फिरत्या डिस्कचा वाचक-काटा उचलून बाजूला ठेवण्याच्या क्रियेचीही लॅपटॉपच्या डिस्कमध्ये सहा-सहा लाख वेळांची क्षमता सांगितलेली असते. तेव्हा दिवसातून चार वेळा बंद केल्याने यंत्र झिजेल, ही चिंता आजच्या यंत्रापुरती तरी मनातून काढून टाकण्यास हरकत नाही.

खरी चिंता उष्णतेची केली पाहिजे, आणि ती जयपूरमध्ये राहणाऱ्याने अधिक केली पाहिजे. मे-जूनमध्ये इथे पारा चाळिसाच्या वर जाणे हा नित्याचा प्रकार आहे, पंचेचाळीसही अपरिचित नाही. आणि याच राज्यातील फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. त्यात मुरलीपुऱ्यातील अनेक घरांच्या वरच्या खोल्यांवर दगडी पट्ट्यांचे किंवा काँक्रीटचे उघडे छत असते, जे दिवसभर शोषलेले ऊन मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहते. याउलट बहुतेक लॅपटॉपसोबतच्या पुस्तिकेत वापराच्या वेळी भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंतच असावे, असे नमूद केलेले असते. लिथियम-आयन बॅटरी, जी सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणली आणि जिच्या मुळाशी असलेल्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ती थंडीपेक्षा उष्णतेने कितीतरी अधिक खंगते. आणि उष्णतेच्या जोडीला ती शंभर टक्के भरलेली असेल, तर तिचे खंगणे अधिकच वेगाने होते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडातील मुलगी, जी सी.ए.चा अभ्यास करते, भर दुपारी क्लासहून परतली आणि जिन्यातूनच मला हाक मारून वर आली. स्कूटरच्या पुढच्या जागेत ठेवलेल्या सॅकमधून तिने लॅपटॉप काढला, तेव्हा त्याचा पंखा मोठ्याने फिरत होता, खालचा पत्रा इतका तापला होता की तळवा ठेववेना, आणि सकाळी पूर्ण भरलेल्या बॅटरीत दहा-बारा टक्केच शिल्लक उरले होते.

“काका, झाकण लावलं की हा बंदच होतो ना?” तिने विचारले.

“होत नाही गं. झोपतो फक्त. आणि हल्लीचे तर नीट झोपतही नाहीत.”

“मग रात्री मी शट डाउन करते, तेव्हा तरी बंद होतो की नाही?”

तिच्या दोन्ही प्रश्नांची मुळे एकाच ठिकाणी, म्हणजे विंडोजमध्ये मुकाट्याने झालेल्या दोन फेरबदलांत आहेत, आणि ती सामान्य ग्राहकाला कोणी समजावून सांगितलेली नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. पहिला फेरबदल झोपेचा. २०१२ साली विंडोज ८ बरोबर कनेक्टेड स्टँडबाय आणि पुढे विंडोज १० बरोबर मॉडर्न स्टँडबाय या नावाने जी व्यवस्था आली, तिचा हेतू लॅपटॉप मोबाइलप्रमाणे क्षणार्धात जागा व्हावा आणि झाकण मिटलेले असतानाही त्याने टपाल आणावे, अद्ययावतीकरणे उतरवावीत, हा होता. या व्यवस्थेतील यंत्र वस्तुतः चालूच असते, केवळ अत्यल्प विजेवर मंदावलेले असते. एखाद्या कार्यक्रमाने किंवा सदोष ड्रायव्हरने त्याला मध्येच पुरते जागे केले, तर ते मिटलेल्या झाकणाखाली काम करू लागते, आणि हवा येण्या-जाण्याला वाव नसलेल्या सॅकमध्ये त्याची उष्णता कोंडून राहते. जुन्या पद्धतीची, फक्त रॅमला वीज पुरविणारी झोप बऱ्याच नव्या लॅपटॉपमधून काढूनच टाकलेली आहे. चौमू पुलियाजवळच्या क्लासपासून घरापर्यंतच्या दुपारच्या उन्हात त्या मुलीच्या सॅकमध्ये जे घडले, ते यंत्राच्या एखाद्या बिघाडामुळे घडले असेलच असे नाही. ते त्याच्या रचनेतच संभवनीय आहे.

दुसरा फेरबदल शट डाउनचा, आणि तो अधिक विलक्षण आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक लॅपटॉपवर मुळातच चालू असते. तिच्यामुळे आपण शट डाउनची आज्ञा दिली की आपले उघडे कार्यक्रम तेवढे मिटविले जातात, परंतु विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची रॅममधील स्थिती डिस्कवर उतरवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत भरली जाते. अर्थात, रोजचे शट डाउन हे अर्धे हायबरनेटच असते. त्याचा पडताळा त्या दुपारी आम्ही लगेच घेतला: टास्क मॅनेजर उघडून, परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूच्या आलेखाखाली अप टाइम म्हणून जो आकडा दिसतो, तो पाहिला. रोज रात्री शट डाउन होणाऱ्या त्या यंत्राने आपण गेले तीन आठवडे अखंड चालू असल्याची नोंद दाखविली. यंत्र मंदावले, वायफाय रुसले, आवाज येईनासा झाला, अशा तक्रारी घेऊन माणसे रात्रभर यंत्र बंद ठेवतात आणि सकाळी तीच तक्रार पुन्हा समोर येते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. संपूर्ण नव्याने आरंभ हवा असेल तर रीस्टार्ट करावे. त्यात ही सोय वापरली जात नाही. किंवा शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन करावे.

इतके लक्षात आल्यावर हायबरनेटकडे पुन्हा पाहिले, म्हणजे ती किती सुजाण तजवीज आहे याची प्रचीती येते. काम जसेच्या तसे राहते, वीज संपूर्ण तुटते, उष्णता निर्माण होत नाही, बॅटरी उतरत नाही. आणखी एक लाभ असा, की जो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले, की वीज तुटल्यावरही रॅममधील मजकूर काही सेकंद, आणि चिप गोठविल्यास त्याहून बराच अधिक काळ, वाचता येतो, आणि डिस्कला लावलेल्या कुलपाची किल्ली त्या मजकुरात असते. स्लीपमधील लॅपटॉप चोरीस गेला तर ती किल्लीही त्याच्याबरोबर जाते. बिटलॉकरसारखे कुलूप लावलेला लॅपटॉप हायबरनेट केलेला असेल तर ती डिस्कवर कुलूपबंद असते. अशिलांचे हिशेब लॅपटॉपमध्ये घेऊन फिरणाऱ्या कर सल्लागारांनी आणि त्यांच्याकडे उमेदवारी करणाऱ्या मुलामुलींनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

असे असूनही आजच्या विंडोजच्या पॉवर बटणाखालील यादीत हायबरनेट पुष्कळदा दिसतच नाही. ते आणण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जावे, डाव्या बाजूच्या ‘चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू’ या ओळीवर टिचकी द्यावी, आणि वर ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ असे जे लिहिलेले असते ते दाबून खालच्या हायबरनेटच्या चौकोनात खूण करावी. त्याच पानावर झाकण मिटल्यावर काय व्हावे, याचाही बंदोबस्त करता येतो: बॅटरीवर असताना झाकण मिटले की हायबरनेट, चार्जर जोडलेला असताना मिटले की स्लीप. माझ्या मते मुरलीपुऱ्यातील कोणत्याही घराला हा एवढा फेरफार पुरेसा आहे, कारण घरातल्या घरात चहाला उठताना स्लीपची चपळाई मिळते, आणि सॅकमध्ये भरण्यासाठी चार्जर काढून झाकण मिटताच यंत्र आपोआप संपूर्ण विजेविना होते. फक्त दिवा विझेपर्यंत काही सेकंद थांबून मगच ते आत ठेवावे. ॲपलच्या लॅपटॉपवर ही निवड करावी लागत नाही. झोपताना स्मृतीची नक्कल डिस्कवर घेऊन ठेवण्याचा आणि बराच वेळ कोणी जागे न केल्यास तिच्यावर विसंबून रॅमची वीज तोडण्याचा निर्णय ते यंत्र स्वतःच घेते.

हायबरनेटला काही पथ्ये आहेत. यंत्र त्या अवस्थेत असताना त्याला जोडलेला पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर वापरू नये. जागे झाल्यावर यंत्र ती डिस्क पूर्वीसारखीच आहे असे गृहीत धरते आणि तीवरील फाइलींचा घोळ होण्याचा संभव असतो. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी तर फास्ट स्टार्टअप बंदच करून टाकावे, कारण विंडोजने अर्धवट मिटविलेल्या डिस्कवर लिनक्समधून लिहिणे धोक्याचे असते. आणि आठवड्यातून एकदा रीस्टार्ट हे सर्वांनाच आवश्यक आहे. सुरक्षेची अद्ययावतीकरणे त्याखेरीज पुरती लागू होत नाहीत, आणि दीर्घकाळ चालू असलेले कार्यक्रम अडवून ठेवीत आलेली रॅमही त्यानेच मोकळी होते. जून महिन्यात संध्याकाळी आंधी उठते आणि वीज येते-जाते, तेव्हा चार्जर भिंतीतून काढून ठेवावा. विजेच्या झटक्यापासून हायबरनेट किंवा शट डाउन यांपैकी कोणतीच अवस्था जोडलेल्या यंत्राचा बचाव करू शकत नाही.

राहता राहिला दीर्घ सुट्टीचा प्रश्न, जो इथल्या मराठी कुटुंबांना दर मे महिन्यात पडतो, कारण मुलांच्या परीक्षा संपल्या की सारी मंडळी महिना-दीड महिना पुण्याला, नागपूरला, कोकणात निघून जातात आणि जुना लॅपटॉप घरीच राहतो. अशा वेळी मात्र शिफ्ट धरून संपूर्ण शट डाउन करावे, आणि त्याआधी बॅटरीकडे पाहावे. कॅनडातील इसिडोर बुकमन यांनी चालविलेल्या बॅटरी युनिव्हर्सिटी या माहितीसंग्रहातील एका कोष्टकाप्रमाणे, पूर्ण भरलेली लिथियम-आयन बॅटरी ४० अंश तापमानात वर्षभर नुसती पडून राहिली तर तिची सुमारे ६५ टक्केच क्षमता उरते, तीच ४० टक्के भरून ठेवली तर ८५ टक्के उरते, आणि ४० टक्के भरून २५ अंशांत ठेवली तर ९६ टक्के. निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्या वस्तूंबरोबर लॅपटॉपही पूर्ण चार्ज करून ठेवण्याची जी सवय असते, ती म्हणूनच मोडली पाहिजे. चाळीस-पन्नास टक्क्यांवर चार्जर काढावा, यंत्र बंद करावे, आणि वरच्या मजल्यावरील, उन्हाकडे तोंड असलेल्या भिंतीतले कपाट टाळून तळमजल्यावरच्या, उत्तरेकडील खोलीत, जमिनीलगतच्या खणात, धूळ जाऊ नये म्हणून सुती कापडात गुंडाळून ते ठेवावे. मुक्काम लांबला आणि सहा महिने होत आले, तर किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे दिली असेल त्यांना फोन करून ते पुन्हा अर्ध्यापर्यंत चार्ज करून ठेवण्यास सांगावे.